थंडीत तळ्यावरच्या धुक्याचे फोटो दरवेळी मळकट येतायत? कुठे बिघडतंय ते असं शोधा

थंडी पडायला लागली की ही तक्रार ठरलेलीच. अंधारात उठून कुडकुडत तळ्याच्या काठाला जायचं, समोर पाण्यावरून वाफा निघतायत, मागे डोंगराची नुसती कड दिसतेय, कोवळा उजेड पसरायला लागलाय, डोळ्याचं पारणं फिटतंय अगदी, आणि घरी येऊन फोटो उघडला की स्क्रीनवर राखाडी, विटका, मळकट प्रकार. पुढच्या वेळी सेटिंग बदलून बघायचं, तरी तेच. मग लेन्सवर संशय, मग कॅमेऱ्यावर, आणि शेवटी नवीन लेन्स घ्यायचे बेत सुरू होतात, ज्याची बहुतेक वेळा काही एक गरज नसते.

हे परत परत होतं कारण मुळात हा एक प्रॉब्लेम नाहीये. चार-पाच वेगळी कारणं आहेत आणि सगळ्यांचा परिणाम दिसायला जवळपास सारखाच, म्हणजे फिकट फोटो. त्यातलं एक सुधारलं तरी बाकीची तशीच राहतात, आणि आपल्याला वाटतं उपाय लागू पडला नाही, मग तो उपायही सोडून देतो. म्हणून आधी निदान.

जुना बिघडलेला फोटो उघडा, १०० टक्के झूम करा आणि फ्रेममधली सगळ्यात जवळची वस्तू बघा, काठावरचा दगड, गवताची पाती, पाण्यात उभं वठलेलं झाड, जे असेल ते. ती वस्तू धारदार आहे, काळी दिसायला पाहिजे तिथे काळी आहे, पण धुकं मात्र पांढरं न दिसता सिमेंटच्या रंगाचं दिसतंय, तर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतलेला उजेड) कमी पडलंय. जवळची वस्तूसुद्धा दुधाळ आहे आणि तिच्या कडेने उजेड पाझरल्यासारखा वाटतोय, तर लेन्सवर दव आहे. काहीच धारदार नाही किंवा भलतंच काहीतरी धारदार आहे, तर फोकस. आणि सगळं जिथल्या तिथे आहे, फोटोत चूक काढता येत नाही पण बघावासाही वाटत नाही, तर उभं राहायची जागा किंवा उजेडाची दिशा गंडलीय. माझ्या मते बहुतेकांचा खरा घोळ हा शेवटचाच असतो, फक्त त्याला कॅमेऱ्यावर बटण नाही म्हणून तिकडे कोणी बघत नाही.

एक्स्पोजर

हे आधी उरकून टाकू कारण हे सोपं आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर काय करतो, समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणायला बघतो, पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारा जो राखाडी असतो त्याच्या आसपास. धुकं त्यापेक्षा बरंच उजळ असतं, आणि फ्रेमचा पाऊण भाग धुकंच असेल तर मीटर ते सगळं ओढून राखाडीवर आणणार, त्याचं कामच ते आहे. नवीन कॅमेरे दृश्य ओळखून थोडी दुरुस्ती करतात पण भरवसा ठेवण्याइतकी नाही. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबावर हाताने केलेली दुरुस्ती, स्टॉपमध्ये; एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट) अधिक ०.७ ते अधिक १.३ च्या मध्ये कुठेतरी ठेवून सुरुवात करायची. स्पॉट मीटर (फ्रेमचा छोटासा ठिपकाच मोजणारा) वापरत असाल तर अजून सोपं, धुक्याच्या उजळ भागावर मीटर करा आणि तिथून एक ते दीड स्टॉप वर जा. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास जी झोन सिस्टीम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजळपणाच्या पायऱ्या) बसवली तिच्या भाषेत बोलायचं तर मीटर धुक्याला पाचव्या झोनमध्ये टाकतो आणि तुम्हाला ते सहाव्या-सातव्यात पाहिजे असतं, एवढाच सगळा मामला.

हिस्टोग्राम (फोटोत डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख) बघताना लोक अजून एका ठिकाणी फसतात. धुक्याच्या फोटोचा हिस्टोग्राम अरुंदच असतो, एकच उंचवटा, दोन्ही बाजूला मोकळं मैदान. ते बघून वाटतं काहीतरी चुकलं, कॉन्ट्रास्ट वाढवला पाहिजे. नाही, ते तसंच असायला हवं, त्या दृश्यात गडद काळं फारसं नाहीच. फक्त तो उंचवटा मधोमध किंवा डावीकडे नको, मध्याच्या उजवीकडे पाहिजे, आणि उजव्या भिंतीला चिकटलेला नको. रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) शूट करत असलात तरी कॅमेरा दाखवतो तो हिस्टोग्राम आतल्या जेपेगवरून काढलेला असतो, म्हणून पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल किंवा फ्लॅट ठेवलं तर तो खऱ्याच्या जास्त जवळ जातो.

आणि एक साधी गोष्ट जी कुणी सांगत नाही: उजाडायच्या आधी अंधारात मागचा स्क्रीन डोळ्याला भगभगीत दिसतो. फोटो छान उजळ आलाय असं वाटतं, आपण एक्स्पोजर अजून खाली आणतो, आणि घरी मॉनिटरवर तो काळवंडलेला निघतो. स्क्रीनचा ब्राइटनेस ऑटोवरून काढून हाताने कमी करा आणि एक्स्पोजर ठरवायला स्क्रीनवरचं चित्र बघू नका, हिस्टोग्राम बघा.

जागा, म्हणजे खरा घोळ

समजा एक्स्पोजर बरोबर आहे, तरी फोटो फिकट. इथे थोडं गणित बघावं लागतं, पण ते एकदा कळलं की परत कधी धुक्यात चुकीच्या जागी उभे राहणार नाही.

धुक्यातून वस्तू जसजशी लांब जाते तसा तिचा कॉन्ट्रास्ट सरळ रेषेत कमी होत नाही, घसरगुंडीसारखा पडतो, आधी भराभर आणि मग हळूहळू, अगदी संपेपर्यंत. कोश्मीडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये हे सूत्रात मांडलं आणि हवामानवाले ज्याला दृश्यमानता म्हणतात तिचं गणित अजून त्यावरच चालतं. त्यात धरलंय असं की आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळ्या वस्तूचा कॉन्ट्रास्ट २ टक्क्यांवर आला की ती दिसायची बंद झाली. आता दृश्यमानता १ किलोमीटर आहे असं समजा (१ किलोमीटरच्या खाली गेली की ते धुकं, वर असेल तर विरळ धुकं, अशी हवामान खात्यांची ढोबळ विभागणी आहे). तर ५० मीटरवरच्या झाडाचा ८० टक्क्यांच्या वर कॉन्ट्रास्ट शिल्लक असतो. २५० मीटरवर ३८ टक्के. अर्ध्या किलोमीटरवर १४ टक्के. आणि तुमचा डोंगर तळ्यापलीकडे तीन किलोमीटरवर असेल तर तो तिथे नाहीच समजा, कितीही महागाचा सेन्सर आणा.

मग डोळ्याला कसा दिसतो? कारण धुकं हलत असतं, मधूनच फट पडते, क्षणभर कड दिसते, आणि डोंगर तिथे आहे हे आपल्याला माहीतच असतं, त्यामुळे मेंदू तो भरून काढतो. कॅमेरा एकच क्षण घेतो आणि त्या क्षणी तिथे काही नसतं.

तेव्हा पहिलं काम, जवळ काहीतरी गडद शोधा. वीस ते पन्नास मीटरच्या आत. पाण्यात उभा एखादा वठलेला बुंधा असेल तर सोनंच. असा बुंधा नीट बघितलात तर त्याची पाण्याच्या बाजूची साल ओली असते, जवळपास काळी, उजेडाच्या बाजूची कड एका पातळ रेघेसारखी चमकते, आणि पाण्याला टेकतो तिथे खरा बुंधा कुठे संपला आणि प्रतिबिंब कुठे सुरू झालं ते चटकन कळत नाही. एवढी एक वस्तू फ्रेममध्ये आली की तिच्या मागचा काठ आपोआप फिकट वाटतो, त्यामागची झाडं अजून फिकट, आणि शेवटी डोंगर नुसता पुसटसा. खोली यातून येते. काळं काहीच नसेल तर डोळ्याला फिकट कशाच्या तुलनेत तेच कळत नाही आणि मग सगळंच मळकट.

दुसरी गोष्ट, लांब झूम लावून धुकं कापता येत नाही. हा गैरसमज भयंकर पसरलाय. दोनशे मिलिमीटरच्या लेन्सने डोंगर मोठा दिसेल पण मधली हवा तेवढीच राहणार, उलट जवळचं सगळं फ्रेमबाहेर गेल्यामुळे उरतं ते फक्त धुकं. धुकं जाड असेल तर वाइड लेन्स लावा आणि पुढे सरका. मात्र धुकं फक्त पाण्यावर दोन-चार फूट उंचीचं आहे आणि वर हवा स्वच्छ आहे, डोंगर खणखणीत दिसतोय, अशा वेळी लांब लेन्स बेस्ट, कारण मग पट्टे एकावर एक चढल्यासारखे दिसतात.

तिसरी गोष्ट माझी सगळ्यात आवडती, आणि फुकट आहे: कॅमेऱ्याची उंची. पाण्यावरच्या पातळ धुक्याकडे उभं राहून बघितलं तर नजर त्यातून तिरकी आरपार जाते आणि ते विरळ दिसतं. तेच खाली बसून, ट्रायपॉड पसरून कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणला की नजर धुक्यातून आडवी लांबवर जाते आणि तेच धुकं दाट दिसायला लागतं. म्हणजे धुकं कमी पडतंय तर खाली बसा, जास्त होतंय तर मागच्या चढावर जा. खोऱ्यात रात्रभर उतारावरून थंड हवा खाली येऊन साचते, त्यामुळे धुक्याला बऱ्याचदा वरून सपाट झाकण असतं आणि थोडं चढून गेलं की तुम्ही त्या झाकणाच्या वर निघता, खाली तळं झाकलेलं आणि समोर डोंगराचा माथा मोकळा. डोंगर दिसत नाहीये म्हणून तासभर एकाच जागी रुसून बसण्यापेक्षा हे करून बघा.

खाली बसल्याचा अजून एक फायदा प्रतिबिंबाला होतो. पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर पाणी फक्त २ टक्के उजेड परत फेकतं, उभ्या रेषेपासून ६० अंशांच्या कोनात ६ टक्के, आणि ८० अंशांवर एकदम एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणून खालून बघताना तळं आरशासारखं वाटतं आणि वरून बघताना नुसतं काळं पाणी दिसतं.

उजेड कुठून येतोय

धुक्याचे थेंब काही मायक्रॉनपासून काही दहा मायक्रॉनपर्यंत असतात, आणि दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. थेंब एवढे मोठे असल्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं, आणि विखुरलेला बहुतेक उजेड पुढच्याच दिशेने जातो. याचा फोटोतला अर्थ एवढाच की सूर्याच्या दिशेला तोंड केलं तर धुकं आतून पेटल्यासारखं उजळतं, त्यातले पदर, धागे, भोवरे दिसतात, आणि सूर्य पाठीशी घेतला तर तेच धुकं मेलेलं सपाट. सूर्य पाठीमागे असावा हा नियम आपल्याला कुणीतरी लहानपणी शिकवलेला असतो, तो इथे विसरा.

पण मग डोंगराचं काय, डोंगराच्या माथ्यावर सोनेरी ऊन पाहिजे असेल तर सूर्य पाठीशीच लागतो. दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाही हे कबूल करून टाकायचं. मी तरी अशा जागा बघतो जिथे सूर्य बाजूने येतो, म्हणजे डोंगराच्या एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली, आणि धुक्यालाही थोडी चमक. सूर्य थेट फ्रेममध्ये घ्यायचाच असेल तर झाडाच्या खोडामागे किंवा डोंगराच्या खांद्यामागे अर्धा लपवा, नाहीतर धुक्याचा तेवढा भाग पांढराफटक जळून जातो.

सूर्य पाठीशी असताना एक मात्र गंमत कधीकधी होते. धुकं विरळ असेल तर समोर पांढरी कमान दिसते, इंद्रधनुष्यासारखीच पण रंग जवळपास नसलेली, कारण थेंब बारीक असल्यामुळे रंग एकमेकांत मिसळतात. दिसली तर बाकी सगळं सोडून तिचे फोटो काढा, फार वेळ टिकत नाही.

हिवाळ्यातला उजेड मऊ का, तर सूर्य वर चढतच नाही. वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी भर दुपारी सूर्याची उंची काढायची असेल तर ९० मधून तुमच्या जागेचा अक्षांश आणि वर २३.४ वजा करा (हे कर्कवृत्त-मकरवृत्ताच्या पलीकडच्यांसाठी आणि बऱ्याच प्रमाणात अलीकडच्यांसाठीही चालतं). ४५ अक्षांशावर दुपारी बारालाही साडेएकवीस अंशच. म्हणजे चांगला उजेड सकाळचा तेवढाच अर्धा तास असं काही नाही, जितकं विषुववृत्तापासून लांब तितका जास्त वेळ मिळतो. आणि डोंगर सूर्य उगवतो त्याच बाजूला असेल तर ॲपमधली सूर्योदयाची वेळ बघून घाई करू नका, तळ्यावर ऊन बऱ्याच उशिरा येणार, तोपर्यंत धुकं टिकतं.

लेन्सवरचं दव

हा छुपा शत्रू. लोकांना वाटतं दव म्हणजे काच पांढरी झालेली ठळक दिसणार. तसं शेवटी होतं. सुरुवातीला काचेवर इतका बारीक थर येतो की सरळ बघितलं तर काच स्वच्छच वाटते. फोनचा टॉर्च बाजूने, काचेला जवळजवळ समांतर धरून बघा, मग मधोमध एक धुरकट गोल दिसेल, कडेला थोडा कमी. फोटोत त्याची खूण म्हणजे प्रत्येक फ्रेममागे कॉन्ट्रास्ट थोडा थोडा उतरत जातो आणि उजळ गोष्टींभोवती वलय यायला लागतं. आपण म्हणतो वा, धुकं वाढलं! धुकं नाही वाढलं, काच ओली झालीय.

कारण असं की तळ्याकाठची हवा आधीच पाण्याने भरलेली असते आणि मोकळ्या आकाशाकडे तोंड करून ठेवलेली काच आपली उष्णता वर सोडत राहते, त्यामुळे ती आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते, दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसायला लागते त्याच्या) खाली जाते, की बसलं दव. म्हणून फ्रेम लावून थांबलेले असाल तेव्हा झाकण लावून ठेवा, हूड कायम लावा, आणि कॅमेरा खांद्यावर टाकताना लेन्सचं तोंड वर नको. जास्त वेळ थांबायचं असेल तर दुर्बीणवाले वापरतात ती पॉवर बँकवर चालणारी हीटर पट्टी लेन्सच्या पुढच्या टोकाला गुंडाळा, किंवा हात गरम करायची पुडी रबर बँडने बांधा. काच फार गरम करायची नसते, हवेपेक्षा अंश-दोन अंश वर राहिली तरी दव बसत नाही. पुसायची वेळ आलीच तर कोरडं मायक्रोफायबर, आधी ब्लोअरने धूळ उडवून, आणि तोंडाने हाऽ करून अजिबात नाही. फिल्टर लावला असेल तर तो काढून आतली बाजूही बघा, तिथे दव बसलं तर बाहेरून कितीही पुसा.

फोकस

ऑटोफोकस कुठल्याही पद्धतीचा असो, त्याला पकडायला कड लागते. धुक्यात कड नाही म्हणून लेन्स घर्रघर्र पुढे मागे करत बसते आणि भलतीकडेच थांबते. सिंगल पॉइंट घ्या, तो पॉइंट खोड आणि पाणी जिथे मिळतं त्या रेषेवर किंवा काठाच्या दगडावर ठेवा, लागला की मॅन्युअलवर टाका आणि मग हात लावू नका. झूम बदललात किंवा लेन्स गरम गाडीतून नुकतीच थंडीत आली असेल तर परत एकदा तपासा. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून बघणं सगळ्यात खात्रीचं, फोकस पीकिंगवर (धारदार कडा रंगाने दाखवणारी सोय) धुक्यात विसंबू नका. फुल फ्रेम सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स आणि एफ ८ ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार; आकडा मोठा तसं छिद्र लहान) असेल तर साधारण अडीच मीटरवर फोकस ठेवला की सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्यासारखं धारदार येतं, मग एफ २२ वर जायचं कारणच काय. उलट एफ १६ च्या पुढे सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके धुक्यात असे उठून दिसतात की बसा मग एकेक पुसत.

शटरबद्दल थोडक्यात: वाफांचे धागे दिसायला पाहिजेत तर सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा वेगात ठेवा, तीस सेकंदाला धागे राहत नाहीत, नुसता पांढरा लेप राहतो. तो लेपही कुणाला आवडतो, पण मग धुकं दिसत नाही अशी तक्रार करायची नाही.

रंग आणि माथा-पाण्यातला फरक

ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा आपोआप ठरवणारी सेटिंग) पहाटेचा निळेपणा चूक समजून काढून टाकतो आणि मग थंडीच वाटत नाही. ५२०० ते ५५०० केल्विनवर पक्का ठेवा, रॉमध्ये काढा, नंतर हवं तर थोडं उबदार करा. माथ्यावर केशरी आणि खाली सावलीत निळं असं आलं तर ते तसंच राहू द्या.

माथ्यावर ऊन आणि तळं सावलीत असेल तर तीन-चार स्टॉपचा फरक सहज पडतो. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक काच) वापरत असाल तर मऊ कडेचा घ्या, डोंगराची रेष सरळ नसते. आणि वरचा भाग इतका गडद करू नका की खालचं प्रतिबिंब खऱ्या डोंगरापेक्षा उजळ दिसेल, कारण प्रत्यक्षात ते नेहमी गडदच असतं, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खोटं आहे हे कळतं. तीन एक्स्पोजर जोडायचे असतील तर पटापट काढा, धुकं मधल्या मध्ये सरकतं आणि जोडताना भुतं, म्हणजे अर्धवट दुहेरी आकार, तयार होतात.

पोलरायझर (चमक आणि प्रतिबिंब कापणारा फिल्टर) घरी ठेवला तरी चालेल. दाट धुकं त्याने कमी होत नाही, दीड-दोन स्टॉप उजेड जातो, आणि चुकीचा फिरवला तर ज्यासाठी आलात ते प्रतिबिंबच गायब.

एडिटिंगमध्ये होणारी वाट

डिहेझ स्लायडर, म्हणजे एडिटिंगमधली धुकं कमी करायची पट्टी. नावातच आमिष आहे. तो उजवीकडे ओढला की धुकं निघत नाही, धुक्याच्या जागी घाण येते, कोपरे काळे पडतात, नॉइज वर येतो, धुळीचा एकूणएक ठिपका दिसायला लागतो. कॉन्ट्रास्ट वाढवायचा असेल तर पूर्ण फोटोला नको, मास्क लावून फक्त जवळच्या वस्तूला, तिचा ब्लॅक थोडा खाली न्या आणि धुक्याला हात लावू नका. बऱ्याचदा मी धुक्याच्या भागाला डिहेझ किंचित उणे देतो, म्हणजे उलटाच.

जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, आणि धुक्याचा फोटो त्यातल्या थोड्याच पायऱ्यांवर बसलेला असतो. त्या ताणल्या की आकाशात पट्टे पडतात. १४ बिट रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या मिळतात म्हणून तिथे ताणायला जागा असते.

धुकंच येत नाहीये किंवा फोनवरच काढायचंय

धुक्यासाठी आदल्या संध्याकाळी हवामान ॲपमध्ये तीन गोष्टी बघा: रात्री आकाश निरभ्र, वारा जवळपास नाही, आणि पहाटेचं तापमान दवबिंदूच्या अंश-दोन अंशांच्या आत. पाण्यावरून वाफा निघायला याशिवाय पाणी हवेपेक्षा चांगलंच गरम असावं लागतं, म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला, पाण्यात अजून ऊब असताना अचानक थंडीचा कडाका आला की ती सकाळ सोडू नका. हिवाळा सरत येतो तेव्हा तळं थंड झालेलं असतं, तेवढ्याच थंडीत तशा वाफा येत नाहीत, आणि तळं गोठलं तर प्रश्नच मिटला.

फोनवर सगळ्यात मोठी अडचण म्हणजे फोन स्वतःच डिहेझ करतो, न विचारता. सीन ऑप्टिमायझर वगैरे जे असेल ते बंद करा, जवळच्या गडद वस्तूच्या कडेवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. गडद वस्तूवर दाबल्यामुळे कधीकधी धुकं पार जळतं, तर बोटाने उजेड तेवढा वर-खाली करून जमवून घ्या. प्रो मोड असेल तर डीएनजीमध्ये (फोनची रॉ फाइल) काढा. आणि लेन्स पुसा, खिशातून निघालेल्या फोनच्या लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असतोच आणि तो दवासारखंच काम करतो.

बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, आतला रोध वाढतो म्हणून, संपलेली नसते. दुसरी बॅटरी आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा आणि अदलाबदल करत राहा, पहिली गरम झाली की परत थोडी चालते. परतताना मात्र थंड कॅमेरा तसाच गरम खोलीत उघडा ठेवू नका, बाहेर असतानाच कार्ड काढून घ्या, कॅमेरा बॅगेत किंवा हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दोन-तीन तास चेन उघडू नका. फोटो बघायची घाई कार्डावर भागते.